नर्सिंग प्रवेशाचा निबंध : घड्याळ लावून तयारी करा

अमेरिकेत नर्सिंगला प्रवेश घेताना आधीचे गुण, शरीररचनाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्रासारखे विषय, शिवाय टीस किंवा हेसी ही प्रवेश चाचणी, एवढं सगळं असतंच. काही कॉलेजं त्याखेरीज पर्यवेक्षकासमोर बसवून निबंधही लिहून घेतात. विषय तिथेच कळतो आणि वेळ साधारण अर्धा ते एक तास मिळतो. घरी लिहिलेल्या निबंधावरून पालक, शिक्षक आणि आता संगणकही हात फिरवतो. म्हणूनच कॉलेजला डोळ्यांसमोर लिहिलेला मजकूर हवा असतो. चांगले गुण असलेली मुलंही इथे अडखळतात, कारण याचा सराव कुणी केलेलाच नसतो.

कॉलेज हे का मागतं, ते आधी समजून घ्या. नर्सच्या कामाचा मोठा भाग नोंदी लिहिण्यात जातो. रुग्णाची स्थिती काय होती, आपण काय केलं, त्याचा परिणाम काय झाला, हे ड्यूटीच्या धावपळीत नेमकं लिहावं लागतं. पुढची पाळी आणि डॉक्टर त्या नोंदींवर विसंबून निर्णय घेतात. त्यामुळे निबंध तपासणारे अलंकारिक भाषा शोधत नाहीत. हा विद्यार्थी नीट पाहतो का, क्रमाने सांगतो का, प्रामाणिक आहे का, हे ते पाहतात.

प्रसंगांची वही

विषय आधी कळत नसला तरी त्यांचा रोख ठरलेला असतो : नर्सिंग का निवडलं, एखादी अडचण कशी हाताळली, चूक झाली तेव्हा काय केलं, वेगळ्या संस्कृतीच्या माणसाशी कसं जमवून घेतलं, योग्य काय हे ठरवणं कधी कठीण गेलं. एक वही करा आणि स्वतःच्या आयुष्यातले पाच-सहा खरे प्रसंग त्यात मांडा. प्रत्येकाखाली चार ओळी पुरेत : काय दिसलं, मी काय केलं, काय झालं, मी काय शिकलो. एकच प्रसंग दोन-तीन विषयांना कसा लागू पडतो, तेही लिहून ठेवा.

परदेशातल्या मराठी घरांत असे प्रसंग भरपूर असतात. समजा, भारतातून आलेल्या आजीला डॉक्टरकडे नेलं आणि नातीने दुभाष्याचं काम केलं. ‘मला आजीची सेवा करायला आवडतं’ एवढंच लिहिलं, तर ते कुणीही लिहू शकेल. पण लघवीचा त्रास सांगताना आजी माझ्यासमोर संकोचली, तिने ‘सगळं ठीक आहे’ म्हणून वेळ मारून नेली आणि घरच्या माणसाऐवजी प्रशिक्षित दुभाषी का हवा ते मला तेव्हा कळलं, असं लिहिणारी मुलगी नर्ससारखा विचार करते, हे वाचणाऱ्याला लगेच उमगतं.

तीस मिनिटांची वाटणी

पहिली पाच मिनिटं निबंध लिहायला घ्यायचा नाही. प्रश्न दोनदा वाचा, त्यात किती गोष्टी विचारल्या आहेत त्या अधोरेखित करा, एक प्रसंग निवडा आणि तीन मुद्दे टिपा. पुढची वीस मिनिटं लिहा : पहिल्याच परिच्छेदात थेट उत्तर, मग प्रसंग, मग त्यातून काय कळलं आणि ते नर्सिंगमध्ये कसं उपयोगी पडेल. शेवटची पाच मिनिटं वाचनासाठी राखा. एवढ्या वेळात अडीचशे ते तीनशे शब्द नेटके झाले तरी पुष्कळ. आठवड्यातून दोनदा, मोबाइल बाजूला ठेवून, महिना-दीड महिना हा सराव करा. कॉलेजात हाताने लिहायचं असेल तर सरावही हातानेच करा.

पाठ केलेला निबंध टाळा, तो विषयाशी जुळत नाही आणि लगेच ओळखू येतो. फ्लोरेन्स नाइटिंगेलपासून सुरुवातही नको. रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम केलं असेल तर रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील लिहू नका. 1996च्या हिपा कायद्यामुळे तिथे रुग्णाच्या गोपनीयतेबाबत फार काटेकोर असतात. वाचन-लेखनात अडचण असलेल्या विद्यार्थ्यांनी जादा वेळेसाठी कॉलेजकडे आधीच अर्ज करावा.

हा सराव महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी आहे. इथली बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी पर्यायी उत्तरांची असते, त्यामुळे लिहिण्याची वेळ येत नाही. पण पुढे परदेशी नोकरीसाठी आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली तर एका तासात दोन मजकूर लिहावे लागतात, आणि ओईटी या आरोग्य क्षेत्रातल्या इंग्रजीच्या परीक्षेत 45 मिनिटांत रुग्णाच्या टिपणांवरून पत्र लिहावं लागतं. अनेक जण नेमके तिथे घाबरतात.

पालकांसाठी

मुलांच्या वतीने निबंध लिहू नका, वाक्यं सुचवू नका. घड्याळ लावा, निबंध वाचा आणि दोनच प्रश्न विचारा : हे खरंच असं घडलं का? तुला नेमकं काय म्हणायचंय? आणखी एक. ‘नर्सिंगच का, डॉक्टर का नाही?’ हा प्रश्न घरात रोज टोचत असेल, तर मुलाचा निबंध स्वतःचा बचाव करण्यातच संपतो. नर्सिंगची चार वर्षांची बीएसएन किंवा दोन वर्षांची पदवी, त्यानंतर एनसीएलईएक्स-आरएन ही परवाना परीक्षा आणि नोंदणी : हा मार्ग स्वतंत्र आणि जबाबदारीचा आहे. तुमच्या मुलाने तो विचार करून निवडला असेल, तर तो तुम्हाला मान्य आहे हे मोकळेपणाने त्याला सांगा. आज संध्याकाळीच त्याच्यासाठी अर्धा तास शांतता ठेवा आणि पहिला निबंध त्याला त्याच्याच शब्दांत लिहू द्या.