आबांनी गप्प बसायचं, तेही नियमानुसार

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीत सहावीत शिकते. ‘ओडिसी ऑफ द माइंड’ नावाच्या कुठल्याशा स्पर्धेसाठी तिचा सात जणांचा गट लाकडी काड्यांचा मनोरा बांधतो आहे. मी निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. व्हिडिओ कॉलवर तिने मनोरा दाखवला, तर खालच्या तिरप्या काड्या उलट्या बसवलेल्या दिसल्या. तसं सांगायला तोंड उघडलं, तर नात ओरडली, “आबा, काही बोलू नका! आमचे गुण जातील!” ही कसली स्पर्धा, जिथे घरात इंजिनिअर असून उपयोग नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नातीने नियम नीट वाचलाय, आबा. या स्पर्धेत गटाबाहेरच्या कुणीही कल्पना सुचवायची नाही, काही बनवून द्यायचं नाही आणि बिघडलेलं दुरुस्तही करायचं नाही. गटाबरोबर एक मोठं माणूस प्रशिक्षक म्हणून असतं, पण त्यालाही हाच नियम लागू. करवत कशी धरायची, शिलाई मशीन कसं चालवायचं, हे तो शिकवू शकतो. ‘इथे काप’ असं म्हणू शकत नाही. सादरीकरणात एक नाटुकलंही असतं. त्यासाठी तोंडाला रंग फासायचा असेल तर तोही मुलांनीच एकमेकांना फासायचा. कुणाची मदत घेतली असेल तर तसं फॉर्मवर लिहून द्यायचं, आणि मग गुण कापले जातात. सामान मैदानापर्यंत उचलून न्यायला मात्र आईबाबा चालतात.

स्पर्धेचं मूळ तुमच्या नातीच्याच राज्यातलं. न्यू जर्सीतल्या ग्लासबरो स्टेट कॉलेजात, म्हणजे आजच्या रोवन विद्यापीठात, सॅम्युअल मिक्लस नावाचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना ते विचित्र कामगिऱ्या देत. चाकं नसलेली गाडी करा, पाणी ओलांडायचं काहीतरी बनवा, अशा. ते पाहायला गर्दी जमू लागली, आणि १९७८ मध्ये राज्यातल्या २८ शाळांची पहिली स्पर्धा झाली. तेव्हा नाव होतं ‘ऑलिम्पिक्स ऑफ द माइंड’. गंमत अशी, की त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या एका कायद्याने ‘ऑलिम्पिक’ शब्दाचा हक्क तिथल्या ऑलिम्पिक समितीकडे गेला. समितीने हरकत घेतली आणि नाव बदलावं लागलं. पुढे १९९९ मध्ये आयोजकांमध्ये फूट पडून ‘डेस्टिनेशन इमॅजिनेशन’ ही दुसरी स्पर्धा निघाली. दोन्ही आजही चालू आहेत.

आता मनोऱ्याबद्दल, कारण तुमचा जीव तिथे अडकला असणार. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या, तीनेक मिलिमीटर जाडीच्या काड्या आणि गोंद, एवढंच साहित्य. सगळ्या मनोऱ्याचं वजन साधारण १५ ग्रॅमच्या आत. त्यावर व्यायामशाळेतल्यासारख्या लोखंडी चकत्या एकीवर एक चढवत जायच्या. चांगले मनोरे हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलोच्या वर भार पेलतात. हे सगळं आठ मिनिटांत, आणि त्याच आठ मिनिटांत चकत्या चढवता चढवता एक नाटुकलंही करायचं. मनोऱ्याखेरीज आणखी चार प्रकारचे विषय असतात : कुणी गाडी करतं, कुणी यंत्राची करामत, कुणी जुन्या अभिजात कलाकृतीवर काही रचतं, कुणी निव्वळ नाटक. गुणांची विभागणी अशी : मुख्य कामगिरीला २००, सादरीकरणाच्या ढंगाला ५०, आणि ‘स्पॉन्टेनियस’ नावाच्या फेरीला १००.

तुमच्या मनात आलं असेलच, की घरात बंद दाराआड बापाने मनोरा बांधून दिला तर कुणाला कळणार? प्रश्न रास्त आहे. सही केलेल्या फॉर्मवर जग चालत नाही, हे आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनाला गेलेल्या कुणालाही माहीत आहे. पाचवीतल्या मुलाच्या नावावर असलेला, थर्माकोल सुबक कापलेला पवनचक्कीचा प्रकल्प आणि शेजारी उभा, तारेची जोडणी मुलापेक्षा उत्साहाने समजावणारा पालक! मला या स्पर्धेतलं जे खरोखर आवडलं ते हे, की मिक्लस मंडळी नुसत्या प्रामाणिकपणावर विसंबलेली नाहीत. मोठ्यांनी लुडबुड केली तरी तिचा फारसा फायदा होऊ नये, अशीच रचना आहे.

पैशाचंच घ्या. सादरीकरणात वापरलेल्या वस्तूंच्या एकूण किमतीला मर्यादा असते, विषयानुसार साधारण सव्वाशे ते दीडशे डॉलर. खर्चाचा तक्ता द्यावा लागतो. जुन्या, वापरलेल्या वस्तूची किंमत जुन्या बाजारातल्या भावाने धरतात, त्यामुळे फुटक्या छत्र्या आणि रिकामे खोके यांना सोन्याचा भाव येतो. सादरीकरण संपलं की परीक्षक मुलांशीच बोलतात. हे कसं केलं, हे कुणाला सुचलं? पाठ करून आलेलं मूल दुसऱ्या प्रश्नाला अडखळतं.

आणि सगळ्यात बिलंदर ती स्पॉन्टेनियस फेरी. गटाला एका खोलीत नेतात. पालक बाहेर, आणि काय विचारणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. कधी हातात स्ट्रॉ, रबरबँड, कागद देऊन पूल बांधायला सांगतात. कधी तोंडी प्रश्न असतो. समजा विचारलं, वाटीचे उपयोग सांगा. ‘आमटी वाढायला’ हे उत्तर बरोबर, पण कुणालाही सुचणारं, म्हणून गुण थोडे. ‘वाळूत दहा वाट्या पालथ्या घातल्या की मुंग्यांचं गाव’ याला जास्त. पाळीपाळीने बोलायचं, कुणाची पाळी गाळता येत नाही. एक जण अडला की सगळा गट अडतो. हुशार पोराने एकट्याने गुण लुटायची सोयच नाही. अशा खोलीत इंजिनिअर आजोबा काय करणार?

सगळंच गोड आहे असं मात्र समजू नका. इंग्रजीत फटाफट बोलणाऱ्या मुलांना तोंडी फेरी सोपी जाते, आणि लाजाळू, सावकाश विचार करणाऱ्या मुलाची पाळी आली की बाकीच्यांचे चेहरे पाहवत नाहीत. मेच्या शेवटाला भरणाऱ्या जागतिक अंतिम फेरीपर्यंत गट पोचला, तर प्रवास-मुक्कामाचा खर्च शेवटी पालकांवरच येतो. तिथे सव्वाशे डॉलरची मर्यादा नसते!

एका पदकाबद्दल सांगायलाच हवं. त्याचं नाव ‘रानाट्रा फुस्का’. हे पाण्यातल्या एका काटकुळ्या कीटकाचं शास्त्रीय नाव. मिक्लस यांच्या वर्गात कुणीतरी या किड्यावरून पाणी ओलांडणारं वाहन केलं होतं. ते फसलं, पण कल्पना इतकी न्यारी होती की पुढे असामान्य कल्पकतेचं पदक त्याच्याच नावाने सुरू झालं. ते मिळायला पहिलं यावं लागत नाही.

तेव्हा तिरप्या काड्यांचं तुम्ही मनातच ठेवा. फार तर पुढच्या कॉलवर विचारा, “मनोरा मोडला तेव्हा आधी कुठली काडी गेली?” यात उत्तर दडवलेलं नसलं म्हणजे झालं. (इंजिनिअरांना हे जमणं कठीण, याची कल्पना आहे.) त्याहून चांगला मार्ग म्हणजे पुढच्या वर्षी हिवाळ्यात तिकडे असाल तर परीक्षक व्हा. स्थानिक फेरीत प्रत्येक गटाला आपल्या बाजूने एक परीक्षक द्यावा लागतो. त्याला आपल्या मुलांचा विषय तपासायला देत नाहीत, एवढंच.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत यातलं काही करता येईल का? निधी नाही.
– एक शिक्षिका, जत

उत्तर : मुख्य कामगिरीच्या मागे लागू नका, तिला चार-सहा महिने लागतात. स्पॉन्टेनियस फेरी उद्यापासून करता येईल. पाच-सात मुलांचा गट, एक मिनिट विचाराला, दोन मिनिटं उत्तरांना, आणि पाळी गाळायची नाही. बोलीतलं उत्तरही चालवा. विषय तुमच्या गावातले घ्या : फुटकी घागर, उसाचं चिपाड, एसटीचं जुनं तिकीट. साधं उत्तर एक गुण, अनपेक्षित उत्तर तीन. कुठलं उत्तर अनपेक्षित, यावर भांडणं होतील. निकाल तुम्ही द्यायचा आणि कारण सांगत बसायचं नाही. आणि हा तास पालकसभेच्या दिवशी ठेवू नका. खिडकीतून उत्तरं येतील.