पारव्याचे आजारी पिल्लू : आधी ऊब, मग घास

पारव्याची मादी एका वेळी सहसा 2 अंडी घालते आणि साधारण 18 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे वजन 15 ग्रॅमच्या आसपास असते. डोळे मिटलेले, अंगावर पिवळट विरळ लव. पहिले काही दिवस ते दाणा खातच नाही. नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपुटात, म्हणजे गळ्याखालच्या पिशवीत, दह्यासारखा घट्ट पदार्थ तयार होतो, तोच त्याचा आहार. या कपोतदुग्धात प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर असतात, शिवाय रोगाशी लढणारे घटकही असतात. आईबापांपासून तुटलेले पिल्लू म्हणूनच दोन्हीकडून उघडे पडते. पोट रिकामे राहते आणि आजार लवकर गाठतो.

कल्याणजवळच्या आंबिवलीसारख्या गावात पारव्याचे घरटे कड्यावर नसते. इमारतीच्या सज्ज्यावर, एसीच्या मागे किंवा डक्टमध्ये चार काड्या टाकल्या की घरटे झाले. त्यामुळे साफसफाई, दुरुस्ती किंवा मुसळधार पाऊस झाला की पिल्ले खाली पडतात. अशा वेळी पिल्लाला खरोखर मदत हवी आहे का, हे आधी पाहावे. पिल्लू धडधाकट असेल, घरटे जागेवर असेल आणि आईबाप ये-जा करत असतील, तर त्याला परत घरट्यात ठेवणे सर्वांत चांगले. माणसाचा हात लागला म्हणून पारवे पिल्लाला टाकत नाहीत. मात्र अंग गार, पिसे फुलवलेली, चोच उघडी, मान वाकडी, तोंडात पिवळा थर किंवा जखम दिसली, तर पिल्लू घरात घ्यावे.

घरात घेतल्यावर चूक घाईतून होते. प्रस्तुत लेखकाच्या आंबिवलीतील घरी पावसाळ्याच्या शेवटी डक्टमधून अशीच दोन पिल्ले आली. त्यांना भूक लागली असेल म्हणून लगेच दुधात पोळी कुस्करून ड्रॉपरने चोचीत सोडली गेली. एका पिल्लाचे अंग तेव्हा गार होते. दूध त्याच्या नाकपुड्यांतून बाहेर आले आणि सकाळपर्यंत ते पिल्लू गेले. दुसऱ्याच्या घशाशी पिवळसर, चीजसारखा थर होता. पोळी अडकली असे समजून तो कानकाडीने खरवडला गेला आणि रक्त आले. तो थर अन्नाचा नव्हता, रोगाचा होता. हे पशुवैद्याने सांगितले तेव्हा एक पिल्लू हातचे गेले होते. वजनावरून ठरवलेल्या औषधाने दुसरे वाचले.

म्हणून पहिली गरज ऊब. खोक्यात जुने सुती कापड अंथरून एका बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवावी. दुसरी बाजू मोकळी राहिली की उकडल्यास पिल्लाला सरकता येते. नुसत्या वर्तमानपत्रावर ठेवू नये, गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात. पाय आणि पोट तळहाताला उबदार लागेपर्यंत तोंडात काहीही घालू नये, कारण गार पडलेल्या शरीराला अन्न पचत नाही.

नंतर पाणी. पारवा चोच पाण्यात बुडवून ओढून पितो, इतर बहुतेक पक्ष्यांसारखी मान वर करत नाही. म्हणून कोमट पाण्याच्या वाटीत चोचीचे टोक टेकवावे, नाकपुड्या बुडू देऊ नयेत. वरून पाणी ओतले की ते श्वासनलिकेत जाते.

अन्न वयानुसार द्यावे. पिल्लू अगदी लहान असेल, तर पक्ष्यांच्या पिल्लांसाठी मिळणारे तयार पीठ कोमट पाण्यात कालवून द्यावे. ते फार गरम असल्यास अन्नपुट भाजते. पारव्याचे पिल्लू आ वासत नाही, ते आईबापांच्या तोंडात चोच खुपसून खाते. म्हणून जाड सिरिंजचे टोक कापून त्यावर हातमोज्याचे रबर ताणून बसवावे आणि रबराला छोटी चीर द्यावी. पिल्लू त्यात चोच घालून स्वतःच्या वेगाने खाते. साधारण 10 दिवसांनंतर गोठवलेले मटार कोमट पाण्यात मऊ करून, एकेक चोचीत मागच्या बाजूला ठेवून देता येतात. गळ्याखालची पिशवी पाण्याच्या सैलसर फुग्याइतकी भरली की थांबावे आणि ती जवळजवळ रिकामी झाल्यावरच पुढचा घास द्यावा. दूध, पोळी, पाव आणि बिस्किटे पूर्ण वर्ज्य. अंगभर पिसे आली की बाजरी, ज्वारी, मूग आणि मसूर पुढे पसरून ठेवावे. टिपायला ते हळूहळू शिकते.

आजार ओळखणे घरच्यांचे, औषध ठरवणे डॉक्टरांचे. तोंडातील पिवळा थर बहुधा ट्रायकोमोनास या सूक्ष्म जीवाचा असतो. तो आईबापांच्या घासातून आणि सामायिक पाण्यातून पसरतो. थर ओढून काढू नये आणि आजारी पक्ष्याची वाटी वेगळी ठेवावी. डोळे, चोच आणि पायांवर खपल्या दिसल्या तर ती देवी. ती मुख्यतः डासांमुळे पसरते, म्हणून खोक्यावर मच्छरदाणी हवी. खपल्या काही आठवड्यांत आपोआप गळतात, त्या सोलू नयेत. मान पिरगळणे, दाण्यावरचा नेम चुकणे आणि पाण्यासारखी विष्ठा ही बहुधा पॅरामिक्सो विषाणूची खूण. बरे व्हायला बरेच आठवडे लागतात. तोवर खोल वाटीत भरपूर दाणे द्यावेत, म्हणजे नेम चुकला तरी चोचीत काही ना काही येते.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दररोज सकाळी, खाण्याआधी, वजन करून लिहून ठेवावे. वाढत्या पिल्लाचे वजन दोन दिवस घटले तर वाट पाहू नये. आंबिवलीहून कल्याणमार्गे लोकलने मुंबईला जाता येते आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय, लोकांच्या तोंडचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’, पक्ष्यांवरही उपचार करते. प्रवासात भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, पिल्लू शांत राहते.

घरच्यांची काळजीही तितकीच महत्त्वाची. पारव्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचे आजार होऊ शकतात. याच मुद्द्यावर 2025 मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात गेला. म्हणून कोरडी विष्ठा झाडू नये. पाणी शिंपडून, मास्क लावून पुसावी आणि हात साबणाने धुवावेत. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान बाळ असेल तर पिल्लू दुसऱ्या घरी किंवा संस्थेकडे द्यावे.

निरोगी पिल्लू साधारण 4 ते 5 आठवड्यांत उडू लागते, आजारातून उठलेल्याला जास्त वेळ लागतो. ते स्वतः दाणे टिपू लागले, पाणी पिऊ लागले आणि घरातल्या घरात नीट उडून बसू लागले, की उजाडल्यावर, कोरड्या हवेत, जिथे थवा नेहमी उतरतो तिथे सोडावे. दोन पिल्लांपैकी वाचलेले पिल्लू असेच थव्यात गेले. त्यानंतर खिडकीत आलेल्या पारव्यांत ते कोणते, हे ओळखता आले नाही.