आमच्या माघारी त्याचं कसं?

काही घरांत एखादं मूल असं असतं, की ते अंगाने वाढतं, पण त्याची समज वाढत नाही. अशा मुलाचे आईबाप एक प्रश्न मनात घेऊन जगतात. तो ते कुणाला बोलून दाखवत नाहीत. "आम्ही आहोत तोवर ठीक. आमच्या माघारी त्याचं कसं?"

या पाठात त्या प्रश्नाचा विचार करू.

असं एक घर डोळ्यांसमोर आणा. बाप सत्तरीला आला आहे. आईचे गुडघे धरले आहेत. मुलगा ३२ वर्षांचा. तो गुरं पाण्यावर नेतो, चुलीला लाकडं आणून देतो. पण अंघोळीला आणि औषधाला आई लागते. बहीण सासरी आहे. भाऊ मुंबईला एका खोलीत राहतो. नवराबायको दोघं कामावर जातात. गाव म्हणतं, "भाऊ बघेल की." आई मनात म्हणते, "देवानं माझ्या आधी यालाच न्यावं."

माउली, असं म्हणू नका. वाट आहे. पण आईबापांचे हातपाय चालतात तोवरच त्या वाटेला लागलं पाहिजे.

पाठवणं म्हणजे टाकणं नव्हे

आपण लेक सासरी देतो. तिला टाकली, असं कुणी म्हणत नाही. मग हाही आता मोठा माणूस आहे. योग्य आधार मिळाला, तर तोही दुसऱ्या घरी राहू शकतो.

अशी घरं असतात. तिथे अशी मोठी माणसं एकत्र राहतात. सांभाळायला माणसं असतात. ज्याला जमेल तसं काम शिकवतात. ठाणे जिल्ह्यात बदलापूरला 'आधार' नावाची संस्था आहे. अशा मुलांच्या आईबापांनीच एकत्र येऊन ती उभी केली. त्यांनाही हाच प्रश्न पडला होता.

सर्वांनी पाठवलंच पाहिजे, असं नाही. भाऊभावजय मनापासून सांभाळणार असतील, तर उत्तमच. पण "बघेल कुणीतरी" यावर भिस्त ठेवू नका. भावाला आजच समोर बसवून विचारा. आणि मुलालाही विचारा. बोलता येत नसेल, तर त्याच्या तोंडावरून ओळखा. दिव्यांग माणसाला इतरांसारखा समाजात राहण्याचा हक्क आहे, असं २०१६ चा कायदा सांगतो.

आधी घर नीट बघा

न कळवता जा. दोनतीनदा जा. तिथल्या माणसांची नखं, कपडे, अंथरुणं बघा. त्यांना नावाने हाक मारतात, की "ए" म्हणून? बाहेरून कडी लावून कोंडतात का? रात्री कोण असतं? मुलगी असेल, तर रात्री सांभाळायला बाई आहे का? आईबापांना केव्हाही भेटू देतात का? संस्थेची सरकारी नोंदणी बघा. पैसे किती, ते कागदावर घ्या. भेटीला आडकाठी करणाऱ्या ठिकाणी मूल ठेवू नका.

हळूहळू सवय लावा

पहिल्यांदा एक दिवस न्या आणि परत आणा. मग एक रात्र. मग आठ दिवस. त्याची गोधडी आणि त्याचं ताट बरोबर द्या. "जत्रेला जाऊ" असं खोटं सांगून सोडून येऊ नका. एकदा विश्वास उडाला, की तो परत बसत नाही.

तो रडेल. तुम्हीही रडाल. भेटीचा दिवस ठरवा आणि तो चुकवू नका. कॅलेंडरावर त्या दिवसाला लाल खूण करून द्या. दिवाळीला, पोळ्याला घरी आणा. घर त्याचंच आहे, हे त्याला कळू द्या.

एक वही लिहा

हे काम सर्वांत मोठं आहे. मुलाच्या पुष्कळ गोष्टी फक्त आईला ठाऊक असतात. आई गेली, की त्या तिच्याबरोबर जातात. मग नव्या माणसाला त्याची भूक कळत नाही, त्याचं दुखणं कळत नाही. ती सारी माहिती वहीत उतरवा. असं लिहा :

भूक लागली की तो बोलत नाही, कान ओढतो.
ढग गडगडले की भितो. जवळ बसावं.
फिटचं औषध सकाळी एक, रात्री एक. चुकवू नये.
दूध चालत नाही. ताक आवडतं.

काल तुम्हाला लिहिता येत नव्हतं. आज येतं. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तरी चालेल. वही पुरी करा.

कागदपत्रं

१. दिव्यांगाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढा.

२. मूल १८ वर्षांचं झालं, की आईबाप कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना तो लागू आहे. या कायद्याखाली जिल्ह्यात एक समिती असते. कलेक्टर तिच्यावर असतात. ती समिती पालक नेमते. मुलाच्या जमिनीची आणि पैशाची यादी पालकाने सहा महिन्यांत द्यायची असते. दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. पालकाने हेळसांड केली किंवा पैसा खाल्ला, तर त्याला काढता येतं.

३. याच कायद्याखालच्या 'निरामय' योजनेत नाव घाला. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत औषधपाण्याचा विमा आहे.

४. सातबाऱ्यावरून त्याचं नाव काढू देऊ नका. "त्याला काय कळतंय" म्हणून त्याचा अंगठा कुठेही उठवू नका. त्याचा वाटा हाच त्याचा उद्याचा घास आहे.

चौकशी कलेक्टर कचेरीत आणि समाजकल्याण कार्यालयात करा.

प्रश्न

१. आईबाप कोणता प्रश्न मनात ठेवून जगतात?
२. घर बघायला न कळवता का जावं?
३. "जत्रेला जाऊ" असं सांगून मुलाला का सोडू नये?
४. पालकाने कोणता हिशेब द्यायचा असतो?

वहीत लिहा

तुमच्या गावात असं एखादं घर असेल. त्या घरी जा. आईला लिहिता येत नसेल, तर ती सांगेल तसं तुम्ही लिहा. पहिल्या दिवशी पाच ओळी लिहा.