चार-चार अंकांची चिनी मोजणी

प्रश्न : चिनी भाषेत हजारापर्यंतचे आकडे जमतात, पण पुढे गोंधळ उडतो. मोठी संख्या कशी वाचावी?

उत्तर : गोंधळाचे मूळ अंकांच्या गटांत आहे. मराठीत हजारानंतर दर दोन शून्यांनी नवे नाव येते : लाख, कोटी, अब्ज. चिनी भाषेत ते दर चार शून्यांनी येते. दहा हजार म्हणजे एक ‘वान’ आणि दहा हजार वान म्हणजे एक ‘यी’, अर्थात आपले दहा कोटी. त्यामुळे लाख म्हणजे दहा वान आणि कोटी म्हणजे हजार वान.

चीनच्या २०२०च्या जनगणनेत मुख्य भूमीची लोकसंख्या १,४१,१७,७८,७२४ भरली. स्वल्पविराम काढून उजवीकडून चार-चार अंक वेगळे केले, की १४ । ११७७ । ८७२४ असे गट पडतात. आता वाचन सोपे : चौदा यी, एक हजार एकशे सत्त्याहत्तर वान, आठ हजार सातशे चोवीस.

खरी कसोटी शून्याची. १०,००५ ही संख्या ‘एक वान, शून्य, पाच’ अशी वाचतात. मध्ये सलग तीन शून्ये असली तरी उच्चार एकदाच होतो. तो गाळून नुसते ‘एक वान पाच’ म्हटले, तर बोलीत त्याचा अर्थ होतो १५,०००! बाजारात भाव ठरवताना हा फरक चांगलाच महागात पडेल.

सरावासाठी चिनी बातम्यांचे मथळे उत्तम. त्यांत ‘१४.१ यी’ अशी दशांशातली, सुटसुटीत रूपे सर्रास भेटतात.