फोटो काढताना

सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. तिला गड्डा म्हणतात. गड्ड्याला गेलं की घरच्यांचा एक फोटो काढावा, अशी आपली हौस. फोटोवाला म्हणतो, "आजी, हनुवटी जरा खाली. अंग थोडं तिरपं करा." असं का? समोर ताठ बसलं की खांदे रुंद दिसतात अन् चेहरा कडक. उजेड एका बाजूने आला तर नाक-डोळे उठून दिसतात. सुरकुत्याही दिसतात म्हणा!

पूर्वी फोटो आधी काचेवर उमटे, पुढे फिल्मवर. त्यात सगळं उलटं. केस पांढरे, चेहरा काळा. आपल्या देशात 1975 पर्यंत देवीचा रोग होता. देवीचे वण काचेवर फिके ठिपके दिसत. कारागीर टोकदार पेन्सिलीने ते ठिपके भरी. मग कागदावर वण नाहीसे होत. लग्नाच्या फोटोसाठी हे करून घेत. पाहुणे मुलगी पाहायला आले की खरा चेहरा दिसे, अन् कधी बोलणी मोडत. आम्ही तरी दोष पेन्सिलीला देणार नाही.

आता तेच काम संगणकावर घडीभरात होते. पासपोर्टच्या फोटोत मात्र ते चालत नाही. तीळ, वण आहे तसा राहू द्या, असे फोटोवाल्याला आधीच सांगावे.