मेलेले झाड कसे उतरवावे

समजा, तलासरीकडच्या एका पाड्यावर घराच्या मागे जुना आंबा आहे. आजोबांच्या वेळचा. दोन वर्षे झाली, त्याला मोहोर नाही, पालवी नाही. साल सुटून खाली पडते. बुंध्याशी अळंबी उगवली आहे. मुले त्याच्याच खाली विटीदांडू खेळतात.

घरचा मुलगा म्हणतो, "बाबा, कुऱ्हाड घेतो न् पाडून टाकतो."

म्हातारा म्हणतो, "राहू दे रे. इतकी वर्षं उभं आहे. पडेल तेव्हा पडेल आपणहून."

दोघांच्याही बोलण्यात धोका आहे. झाड कधी पडेल हे झाड सांगत नाही. आणि घाईने पाडायला गेले तर ते कुठे पडेल हेही सांगता येत नाही.

ओले लाकूड मोडण्याआधी वाकते, करकरते. माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळतो. मेलेले लाकूड वाकत नाही. ते एकदम तुटते. बुंध्यावर कुऱ्हाडीचा घाव बसला की शेंडा हादरतो, आणि वरची वाळकी फांदी सरळ डोक्यावर येते. म्हणून मेलेल्या झाडावर चढू नये. माडावर, ताडावर रोज चढणाऱ्या माणसानेही चढू नये.

आधी झाड नीट बघा. आंब्याला भिरूड लागते. ही अळी खोडात शिरून आतून पोखरते. भोकातून भुसा गळतो. तो दिसला की झाड पोकळ होत चालले असे समजा. मग कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर हलकेच ठोका. एकाने ठोकावे, दुसऱ्याने वर नजर ठेवावी. भरीव खोड टणटण वाजते. पोकळ खोड ढबढब वाजते. मुळाजवळची जमीन एका बाजूला उचलली आहे का, भेगाळली आहे का, तेही पाहा. ढोलीत साप असतो, मधमाश्या असतात. तिथे हात घालू नका.

काही लोक पोकळ झाडाच्या बुंध्यात विस्तव घालतात. कुऱ्हाडीचे कष्ट वाचतात असे त्यांना वाटते. पण पोकळ खोड धुराड्यासारखे काम करते. खालून वारा ओढते आणि वरून ठिणग्या फेकते. गवताचे छप्पर, पेंढ्याची उडवी, शेजारची वाडी, काहीही पेटू शकते. शिवाय जळके झाड अर्ध्या रात्री कोणत्या अंगाला पडेल याचा नेम नाही. हे करूच नये.

आता परवानगी. झाड आपल्या जमिनीत असले तरी ती लागते. महाराष्ट्रात झाडे तोडण्याबाबतचा कायदा 1964 सालचा आहे. आंबा, साग, मोह, चिंच, फणस, जांभूळ, ऐन, खैर, हिरडा ही झाडे त्याच्या यादीत आहेत. वन खात्याच्या कचेरीत अर्ज द्यावा. झाड मेले आहे, घराला धोका आहे, असे स्पष्ट लिहावे. अशा झाडाला परवानगी नाकारू नये, असे कायदाच सांगतो. डहाणू तालुका तर केंद्र सरकारने 1991 साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. तिथे विचारल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा अंगठा न देता, वाचून सही करा.

आणखी एक. झाड बघून एखादा व्यापारी दारात येतो. "आम्ही फुकट तोडून नेतो, वर शंभर रुपये देतो," म्हणतो. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी 1969 साली वेगळा कायदा झाला, तो अशाच फसवणुकीमुळे. ही विक्री वन खात्यामार्फत व्हायला हवी. परस्पर सौदा करू नका.

पाडण्याआधी झाडाची उंची मोजा. हात डोळ्यासमोर सरळ धरा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी ठेवा. मग मागे मागे जा. काठीचे टोक शेंड्याला आणि मूठ बुंध्याला लागलेली दिसली की थांबा. जमीन सपाट असेल तर तुमच्यापासून झाडापर्यंत जेवढे अंतर, तेवढीच झाडाची उंची. त्याच्या दुप्पट अंतरात माणूस नको, जनावर नको. विजेची तार जवळ असेल तर महावितरणला कळवून वीज बंद करून घ्या. वाऱ्याच्या दिवशी काम करू नका. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा पालघरच्या किनाऱ्यावरच्या बागांचे काय झाले, ते डहाणूकरांना आठवत असेल. म्हणून हे काम पावसाळ्याच्या कितीतरी आधी उरकावे.

ज्या अंगाला पाडायचे त्या अंगाला बुंध्याच्या पाव भागापर्यंत खाच घ्या. मग मागच्या अंगाने, खाचेपेक्षा चार बोटे वर, करवत लावा. पूर्ण कापू नका. मध्ये लाकडाची एक पट्टी राहू द्या. दाराला बिजागरी, तशी ही झाडाला. झाड तिच्यावर वळून पडते. झाड हलले की करवत सोडा आणि तिरपे मागे पळा. ती वाट आधीच साफ करून ठेवा.

पण आतून कुजलेल्या खोडात ही बिजागरी टिकत नाही. म्हणून खोड निम्म्याहून पोकळ असेल किंवा झाड घराकडे कलले असेल, तर जाणत्या तोड्यांना बोलवा. दोरखंड, यंत्र त्यांच्याकडे असते. इथे पैसे वाचवू नयेत.

झाड पडले म्हणजे सगळे जळणच, असे नव्हे. बुंधा कुजला तरी वरचे खोड बरेचदा शाबूत असते. ठोकून पाहा, कुजके छाटून टाका. आंब्याच्या फळ्या होतात, पाट होतात, चिकूचे खोके होतात. मात्र आंब्याच्या लाकडाला वाळवी लवकर लागते. ते मातीत पुरू नका, खांबाला घेऊ नका. ताडाचे उलटे आहे. त्याची बाहेरची कड टणक, आतला गाभा भुसभुशीत. चिरून गाभा काढला की पाण्याची पन्हळ होते, कडेचे वासे होतात.

फळ्या उन्हात टाकू नका. तडकतात. सावलीत, दगडांवर रचा. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या ठेवा, म्हणजे वारा खेळतो. टोकांना जुना रंग लावा. टोकांतून ओल लवकर जाते आणि फळी तिथूनच फाटते. इंचभर जाड फळीला वाळायला सुमारे वर्ष लागते. लाकूड गाडीत भरून न्यायचे असेल तर वाहतुकीचा पास लागतो का, ते वन खात्यातच विचारावे.

कुजका भुसा शेणाबरोबर खताच्या खड्ड्यात जिरवा. घराच्या कुडाला टेकून ठेवू नका, वाळवी घरात येईल. नवे कलम लावायचे तर त्याच खड्ड्यात लावू नका. जुन्या मुळांत बुरशी असते. दहा-बारा हात सरकून नवा खड्डा घ्या.