पुस्तक परिचय : स्काउट आणि तिचे वडील

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली निघाली. गोष्ट दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातली. छोटी स्काउट वडिलांना चक्क नावाने हाक मारते, ॲटिकस! ती घरीच वाचायला शिकली, म्हणून शाळेत बाई रागावल्या. वडिलांनी घरी शिकवू नये म्हणे! मग काय, स्काउट शाळेत जाईना. वडिलांनी तोड काढली : शाळेत जायचे, रात्री दोघांनी वाचायचे, पण बाईंना सांगायचे नाही!

वडील वकील. एका कृष्णवर्णीय शेतमजुरावर खोटा आळ आला. गाव चिडले, तरी त्यांनी त्याचा खटला लढवला. खटला हरले, पण हटले नाहीत. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे, हे स्काउट त्यांच्याकडूनच शिकली.

पालकहो, रात्री थोडा वेळ आमच्याजवळ वाचायला बसाल ना?